चित्रस्पर्धांचे परीक्षण व स्पर्धकांस मार्गदर्शन

प्राथमिक शाळांतून ज्या अनेक स्पर्धा भरविल्या जातात, त्यांत चित्रकलेची स्पर्धा ही भरविण्यास सर्वांत सोपी, परंतु परीक्षण करण्यास सर्वांत कठीण होय. धावण्याच्या शर्यतीत जो आधी दोरीला पोहोचतो तो पहिला, याविषयी कोणाचे दुमत होत नाही. शुद्धलेखनाच्या स्पर्धेत चुका मोजता येतात. चित्राच्या बाबतीत अशी दोरी नाही आणि चुकांची यादीही नाही. परीक्षकाची दृष्टी हेच तेथे माप असते. हे माप नीट पारखून घेतले नाही, तर ज्या मुलाला उत्तेजन द्यावयाचे त्याचाच हात आखडतो आणि ज्या सवयी मोडावयाच्या त्यांनाच बक्षीस मिळते. यास्तव केंद्रावर अथवा शाळेत चित्रस्पर्धा भरविणाऱ्या शिक्षकांनी परीक्षणाचा विचार स्पर्धेच्या दिवशी न करता आधीच करून ठेवणे अगत्याचे आहे.

१. विचारासाठी एक प्रसंग

पुढील प्रसंग कल्पित आहे. परंतु तो कोणत्याही केंद्रावर घडू शकेल असा आहे.

इयत्ता तिसरी व चौथीच्या मुलांसाठी ‘आमच्या गावचा बाजार’ हा विषय दिलेला आहे. दोन तासांनी साठ चित्रे गोळा होतात. त्यांतील एक चित्र अतिशय नेटके आहे. दोन डोंगर, त्यांच्या मधोमध उगवता सूर्य, डोंगरातून वाहत येणारी नदी, काठावर कौलारू घर व एक माड असा देखावा त्यात आहे; आणि विषय बाजाराचा असल्यामुळे घरासमोर दोन टोपल्या व एक मनुष्य काढलेला आहे. रेषा पट्टीने आखलेल्या आहेत व रंग कोठेही बाहेर गेलेला नाही.

दुसरे चित्र तिसरीतील एका मुलीचे आहे. त्यात बाजाराचा रस्ता कागदाच्या मधून उभा गेला आहे, आणि दोन्ही बाजूंची दुकाने व माणसे जणू रस्त्याकडे पाय करून आडवी झोपली आहेत. खालच्या कोपऱ्यात भाजी विकणारी एक बाई आहे. ती इतर सर्व माणसांच्या दुप्पट मोठी आहे. तिच्या हातात तागडी आहे, एका पारड्यात वांगी व दुसऱ्यात वजन आहे. झाकलेल्या टोपलीच्या आतील भाजीही बाहेरून दिसते. आकाश रंगविलेले नाही. निळा खडू संपला असावा, कारण पालावरचा निळा रंग मध्येच थांबून पुढे हिरवा झाला आहे.

परीक्षक पहिले चित्र हाती घेतात व ‘सुबक’ असा शेरा देऊन त्यास पहिला क्रमांक देतात. दुसऱ्या चित्रावर ‘प्रमाण चुकले, आकाश अपूर्ण’ असा शेरा पडतो व ते बाजूला जाते. निकाल वाचून दाखविला जातो, टाळ्या वाजतात, मुले घरी जातात. पुढील वर्षी स्पर्धेची सूचना लागते तेव्हा ती मुलगी नाव देत नाही. वर्गशिक्षिका कारण विचारतात. ती म्हणते, “बाई, मला माणसं काढता येत नाहीत.”

या उत्तराचा विचार प्रत्येक परीक्षकाने करावयास हवा. एक वर्षापूर्वी ज्या मुलीने एका कागदावर वीस-पंचवीस माणसे काढली होती, तिला माणसे काढता येत नाहीत हे कोणी शिकविले?

२. मुलांचे चित्र कसे वाढते

या प्रसंगातील मूळ दोष असा की, मुलाच्या चित्रास प्रौढाच्या चित्राचे माप लावले गेले. मुलाचे चित्र हे प्रौढाच्या चित्राची बिघडलेली प्रत नव्हे. त्याची वाढ स्वतंत्र क्रमाने होत असते. व्हिएन्ना येथील कलाशिक्षक फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ मध्ये मुलांसाठी कलावर्ग सुरू केला व तेथे नमुन्यावरून नक्कल करविण्याऐवजी मुलांना आपल्या मनातील चित्रे काढू दिली. बालचित्रकलेकडे स्वतंत्र दृष्टीने पाहण्यास या वर्गामुळे मोठी चालना मिळाली. पुढे व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या वाढीच्या पायऱ्या मांडल्या. त्या स्थूलमानाने अशा आहेत :

(अ) दोन ते चार वर्षे : रेघोट्यांची अवस्था. हाताच्या हालचालीचा आनंद हाच येथे मुख्य असतो.

(आ) चार ते सात वर्षे : आकार ओळखू येऊ लागतात. वर्तुळाला हातपाय फुटतात व माणूस तयार होतो. वस्तू कागदावर जणू तरंगत असतात.

(इ) सात ते नऊ वर्षे : मूल प्रत्येक वस्तूसाठी आपले एक ठरावीक चिन्ह निश्चित करते. कागदाच्या तळाशी भूमिरेषा येते व वस्तू तिच्यावर उभ्या राहतात. रस्त्याच्या दोन्ही बाजू दाखवावयाच्या असल्यास मूल चित्र उलगडून मांडते. घराची भिंत पारदर्शक करून आतील माणसे दाखविते. जे महत्त्वाचे वाटते ते मोठे काढते.

(ई) नऊ ते बारा वर्षे : मुलास बारकावे दिसू लागतात. एकामागे एक असलेल्या वस्तू ते दाखवू लागते. याच वयात स्वतःच्या चित्राविषयी संकोचही वाटू लागतो.

(उ) बारा ते चौदा वर्षे : छायाप्रकाश, अंतर व प्रमाण यांची जाणीव वाढते.

ही वये काटेकोर समजावयाची नाहीत. एकाच वर्गात दोन-तीन पायऱ्यांवरील मुले आढळतात. तथापि हा क्रम ध्यानी घेतला म्हणजे वरील मुलीच्या चित्राचा अर्थ उलगडतो. झोपलेली माणसे म्हणजे चूक नव्हे. रस्त्याच्या मध्यभागी उभे राहून दोन्ही बाजूंस जे दिसते ते एकाच कागदावर मांडण्याचा तो मार्ग आहे. टोपलीच्या आतील भाजी दिसते, कारण ती तेथे आहे हे मुलीस ठाऊक आहे. आणि भाजीवाली मोठी का, असे तिला कोणी विचारले असते तर तिने सांगितले असते, “ती माझी आई. मी तिच्यापाशीच बसते ना!” प्रमाण चुकलेले नव्हते, ते तिच्या दृष्टीने अचूक होते. आठ वर्षांच्या मुलीकडून बारा वर्षांच्या मुलाचे यथादर्शन मागणे हे दुसरीच्या मुलास अपूर्णांकाचे गणित घालण्यासारखे आहे.

याउलट, डोंगर-सूर्य-नदी-घर हा देखावा त्या मुलाने पाहिलेलाच नाही. तो देखावा एका पाठीवरून दुसऱ्या पाठीवर असा वर्गांतून फिरत असतो. अवर्षणप्रवण गावातील मुलाच्या चित्रातही बारमाही नदी वाहते आणि देशावरच्या अंगणातही माड उभा राहतो. मुलाच्या हाताचे कौशल्य त्यात दिसेल, परंतु त्याचे डोळे दिसत नाहीत.

३. परीक्षा आणि स्पर्धा यांतील भेद

काही शिक्षक असे म्हणतील की, मग शुद्ध रेखन, प्रमाण, नेटकेपणा यांस काही किंमत नाही काय? किंमत अवश्य आहे. परंतु प्रत्येक गोष्टीचे स्थान निराळे आहे. महाराष्ट्रात घेतल्या जाणाऱ्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन अशा विषयांतून विद्यार्थ्याचे कौशल्य तपासले जाते. तेथे ठरलेली पातळी गाठणाऱ्या प्रत्येकास श्रेणी मिळते. एकाच्या यशाने दुसऱ्याचे यश हिरावले जात नाही.

स्पर्धेत तसे नसते. तेथे साठांतून तिघांचीच निवड होते. त्यामुळे आपण कोणत्या गुणाची निवड करीत आहोत, हे परीक्षकास आधी सांगता आले पाहिजे. स्पर्धेच्या सूचनापत्रातच ते लिहिलेले असावे, म्हणजे मुलांस व त्यांच्या शिक्षकांसही दिशा कळते.

४. गुणदानाची तागडी

परीक्षकाने केवळ ‘आवडले’ अथवा ‘आवडले नाही’ यावर क्रमांक लावू नये. गुणांची विभागणी करावी. इयत्ता तिसरी ते सातवीसाठी पुढील विभागणी उपयोगी पडेल :

विषयाचे आकलन व स्वतःचे निरीक्षण : ३० गुण
मांडणी व कागदाचा उपयोग : २५ गुण
रेषा व आकार : २० गुण
रंगयोजना : १५ गुण
नेटकेपणा : १० गुण
एकूण : १०० गुण

आता वरील दोन चित्रांस या रीतीने गुण देऊन पाहावे. देखाव्याच्या चित्रास अनुक्रमे ९, १६, १२, ११ व ९ असे गुण दिले, तर बेरीज ५७ होते. मुलीच्या चित्रास २७, २०, १३, ७ व ६ दिले, तर बेरीज ७३ होते.

याच दोन चित्रांस निराळ्या विभागणीने पाहावे. समजा, दुसऱ्या एका परीक्षकाने नेटकेपणास ४०, रंगास ३०, रेषा व आकारास २० आणि विषयास १० गुण ठेवले व मांडणीचा विचारच केला नाही. चित्रांविषयीचे मत तेच ठेवून, म्हणजे दहापैकी नऊ असल्यास चाळीसपैकी छत्तीस या हिशेबाने गुण मांडले, तर देखाव्यास ३६, २२, १२ व ३ मिळून ७३ होतात आणि मुलीच्या चित्रास २४, १४, १३ व ९ मिळून ६० होतात. चित्रे तीच, परीक्षकाचे प्रत्येक गुणाविषयीचे मतही तेच. केवळ वजने बदलली आणि क्रमांक उलटला.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. अंक मांडले म्हणजे परीक्षण आपोआप न्याय्य होते असे नाही. आपण कोणत्या गुणास किती वजन द्यावयाचे, हाच खरा निर्णय होय आणि तो चित्रे पाहण्यापूर्वी घेतला पाहिजे. चित्रे पाहिल्यावर वजने ठरविली, तर आवडत्या चित्रास सोयीची तागडी निवडण्याचा मोह होतो.

पहिली व दुसरीच्या मुलांस मात्र असे अंक देऊच नयेत. या वयात क्रमांक न लावता सर्व चित्रे भिंतीवर लावणे हेच बक्षीस पुरेसे आहे.

५. इतिहासातील तीन दाखले

अंकांनी चित्रे तोलण्याचा प्रयत्न नवा नाही. फ्रान्समधील कलासमीक्षक रोजे द पिल यांनी १७०८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नामवंत चित्रकारांस रचना, रेखन, रंग व भावाविष्कार या चार सदरांखाली प्रत्येकी वीसपैकी गुण दिले. वीस गुण म्हणजे पूर्णत्व, म्हणून ते कोणासही दिले नाहीत. राफाएल यांस १७, १८, १२ व १८, तर रुबेन्स यांस १८, १३, १७ व १७ गुण मिळाले. दोघांचीही बेरीज ६५ झाली व ते सर्वांच्या वर राहिले. मात्र रेम्ब्रांट यांस रेखनात केवळ ६ गुण मिळाले आणि मायकेल अँजेलो यांची एकूण बेरीज ३७ भरली. कॅराव्हाज्जो यांस भावाविष्कारात शून्य मिळाले! आज या तिघांची गणना जगातील थोर चित्रकारांत होते. सदरांची पद्धत उपयुक्त होती. कोणाचे बळ कशात आहे हे तिच्यामुळे दिसते. परंतु सदरात न बसणारे सामर्थ्य तिच्या नजरेतून निसटले. म्हणून गुणपत्रकाच्या तळाशी एक ओळ मोकळी ठेवावी व ‘या चित्रात सदरांपलीकडचे काही आहे काय?’ या प्रश्नाचे उत्तर परीक्षकाने तेथे लिहावे.

दुसरा दाखला पॅरिसचा. १८६३ मध्ये तेथील सरकारी प्रदर्शनासाठी आलेल्या चित्रांपैकी निम्म्याहून अधिक चित्रे परीक्षक मंडळाने नाकारली. चित्रकारांनी तक्रार केली तेव्हा सम्राट तिसरा नेपोलियन याने नाकारलेली चित्रे स्वतंत्रपणे मांडण्याची आज्ञा दिली. तेथे पाहण्यास आलेले पुष्कळ लोक हसले. परंतु त्या नाकारलेल्या चित्रकारांत माने, पिसारो, सेझान व व्हिसलर हे होते. परीक्षक विद्वान असले तरी ओळखीच्या गोष्टीस चांगले व अनोळखी गोष्टीस वाईट म्हणण्याचा दोष त्यांच्याही हातून घडतो.

तिसरा दाखला आपल्या मुंबईचा व समाधानाचा आहे. १८८८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात १९३७ साली अमृता शेरगिल यांच्या ‘तीन मुली’ या चित्रास सुवर्णपदक मिळाले. हे चित्र १९३५ मधील. त्यात कोणताही थाटाचा प्रसंग नाही. तीन मुली शेजारी शेजारी शांत बसलेल्या आहेत, नजरा खाली आहेत, आणि त्यांच्या पुढील आयुष्याविषयीचे मौन त्या चित्रात भरून राहिले आहे. अशा अबोल चित्रापाशी परीक्षक थांबले, याचे श्रेय त्यांनाही द्यावयास हवे. गर्दीतील बोलके चित्र कोणालाही दिसते. अबोल चित्र दिसण्यास सवड काढावी लागते.

६. परीक्षणाची रीत

(१) चित्र स्पर्धेच्या जागीच काढवून घ्यावे. दिल्लीत शंकर यांनी १९४९ मध्ये मुलांसाठी चित्रस्पर्धा सुरू केली व १९५२ मध्ये तिला जागेवरच चित्र काढण्याच्या स्पर्धेची जोड दिली. घरून आणलेल्या चित्रात थोरल्या भावाचा अथवा गुरुजींचा हात किती, हे सांगणे अवघड असते.

(२) सर्वांस एकाच मापाचा कागद द्यावा. ड्रॉइंगच्या पूर्ण तावाचा चौथा भाग, म्हणजे सुमारे ११ इंच × १५ इंच, हे माप मुलांच्या हातास सोयीचे असते. शक्य असल्यास रंगीत खडूही केंद्राकडूनच द्यावेत. एकाजवळ चोवीस रंगांची पेटी व दुसऱ्याजवळ तीन तुकडे असतील, तर स्पर्धा मुलांची न राहता त्यांच्या पालकांच्या खिशाची होते. साधने सारखी देता आली नाहीत, तर रंगांची विपुलता पाहून गुण न देता असलेल्या रंगांचा उपयोग कसा केला ते पाहावे. वारली चित्रकारांनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या एकाच पांढऱ्या रंगात लग्नाचे सोहळे व शेतीची कामे रेखाटली आहेत, हे येथे आठवावे.

(३) नाव व शाळा कागदाच्या मागील बाजूस लिहवून त्यावर कागदाची पट्टी चिकटवावी व पुढे केवळ अनुक्रमांक घालावा. ज्या परीक्षकाच्या शाळेतील मुले स्पर्धेत आहेत, त्याने त्या गटाचे परीक्षण करू नये.

(४) परीक्षक तीन असावेत. त्यांपैकी एकास बालवर्गाचा अनुभव असावा. तिघांनी स्वतंत्र कागदावर गुण मांडावेत व ते होईपर्यंत परस्परांशी बोलू नये. मोठ्या अधिकाऱ्याने आधी मत उच्चारले की उरलेल्या दोघांची लेखणी त्याच बाजूस झुकते.

(५) प्रथम सर्व चित्रे सभागृहात जमिनीवर, दिवसाच्या उजेडात मांडावीत व गुण न देता एकदा सर्वांवरून फिरावे. त्यानंतर ‘निवडीस योग्य’, ‘विचारार्थ’ व ‘बाजूस’ असे तीन भाग करावेत. ‘बाजूस’ ठेवलेली चित्रे दुसऱ्या परीक्षकाने पुन्हा पाहिल्यावाचून बांधून ठेवू नयेत.

(६) आरंभीच्या चित्रांस कडक व शेवटच्या चित्रांस सैल, किंवा याच्या उलट, असे गुण पडण्याचा संभव असतो. थकवा हेही त्याचे कारण आहे. तीस-चाळीस चित्रांनंतर विश्रांती घ्यावी आणि शेवटी पहिली दहा चित्रे पुन्हा तपासावीत. दुसऱ्या परीक्षकाने उलट क्रमाने चित्रे पाहिली तर उत्तम.

(७) एकाच चित्रास दोन परीक्षकांच्या गुणांत पंधरांहून अधिक अंतर पडले, तर सरासरी काढून मोकळे होऊ नये. तिघांनी ते चित्र समोर ठेवून बोलावे. एवढे अंतर पडते तेव्हा बहुधा एकास काही दिसलेले असते, जे दुसऱ्यास दिसलेले नसते.

(८) चित्राचा अर्थ कळला नाही तर मुलास आरोपीसारखे उभे न करता प्रेमाने विचारावे, “यात काय काय चाललंय, सांगशील?” पुष्कळदा चित्राची किल्ली मुलाच्या एका वाक्यात असते.

७. स्पर्धकांस सूचना

शिक्षकांनी पुढील सूचना मुलांस स्पर्धेपूर्वी काही दिवस सोप्या शब्दांत समजावून द्याव्यात. स्पर्धेच्या दिवशी सूचनांचा भडिमार करू नये.

विषय दोनदा वाचावा. ‘बाजार’ म्हटले की डोळे मिटून आपण शेवटी बाजारात गेलो तो दिवस आठवावा. कोण भेटले, कसला वास होता, ऊन कोठे होते, आपण कोठे उभे होतो? जे आठवेल तेच चित्रात यावे. शेजाऱ्याच्या कागदाकडे पाहून काढलेले चित्र शेजाऱ्याचेच राहते.

एकदम मोठ्या कागदावर न जाता मागील बाजूस अंगठ्याएवढ्या दोन-तीन चौकटी आखून त्यांत कच्ची मांडणी करून पाहावी व त्यांतील चांगली निवडावी. दोन तासांपैकी पंधरा मिनिटे यात गेली तरी ती वाया जात नाहीत.

चित्रात मुख्य काय, ते ठरवावे व ते पुरेसे मोठे काढावे. पुष्कळ मुले कागदाच्या मधोमध मुंगीएवढी माणसे काढतात व उरलेला कागद आकाश रंगविण्यात घालवितात. मुख्य आकृती ठीक मध्यावर न ठेवता थोडी एका बाजूस ठेवली, आणि काही वस्तू एकमेकींच्या मागे अर्धवट झाकल्या, तर चित्रात भरीवपणा येतो.

पट्टीचा उपयोग शक्यतो करू नये. हाताची रेषा थोडी वाकडी आली तरी ती जिवंत असते. रबराने कागद झिजवू नये. झिजलेल्या जागी रंग मळकट बसतो.

पाण्याचे रंग वापरताना फिक्याकडून गडदाकडे जावे व पहिला हात वाळल्यावाचून दुसरा देऊ नये. जेथे पांढरे हवे तेथे कागद कोरा सोडावा. खडू वापरताना एकावर एक दोन रंग हलक्या हाताने घासले तर तिसरा मिळतो. निळा नसेल तर आकाश निळेच असावे असा नियम नाही. संध्याकाळी ते पिवळे असते व पावसाळ्यात राखी.

अर्धा वेळ झाला की चित्र भिंतीशी उभे करून चार पावले मागे यावे व पाहावे. दुरून काय ठळक दिसते? मुख्य गोष्ट दिसत नसेल तर तेथे रंग गडद करावा. शेवटची दहा मिनिटे कडा, अनुक्रमांक व राहून गेलेल्या जागा यांसाठी ठेवावीत.

मोठ्या प्रदर्शनांत चित्रे पाठविणाऱ्या शिक्षक-चित्रकारांसही यातील बहुतेक सूचना लागू आहेत. त्यांनी नियमपत्रकातील माप, माध्यम व मुदत काळजीपूर्वक वाचावी, गतवर्षी पारितोषिक मिळालेल्या चित्राची छाया आपल्या चित्रावर पडू देऊ नये, आणि संख्येने अधिक चित्रे पाठविण्यापेक्षा स्वतःस खात्री वाटणारे एक पाठवावे. नकार आला तर १८६३ चे प्रदर्शन आठवावे. परंतु आपले प्रत्येक नाकारलेले चित्र थोरच आहे असेही समजू नये. महिनाभर ते नजरेआड ठेवावे व मग परक्याच्या दृष्टीने पाहावे.

८. निकालानंतरचे कर्तव्य

निकाल वाचला म्हणजे स्पर्धा संपली, असे मानले जाते. वस्तुतः तिचे शैक्षणिक कार्य तेथून सुरू होते. पारितोषिकप्राप्त तीनच चित्रे न लावता सर्व चित्रे निदान एक दिवस लावून ठेवावीत व पालकांस पाहण्यास बोलवावे. प्रत्येक चित्राच्या मागे परीक्षकाने एक ओळ लिहावी. ती ‘छान’ किंवा ‘सुधारणा हवी’ अशी मोघम नसावी. ‘तागडीतील वांगी फार बारकाईने पाहिली आहेस’ हे एक वाक्य मुलास वर्षभर पुरते. सुधारणा सुचवावयाची असेल तर एकच व मुलाच्या हाती असलेली सुचवावी.

पारितोषिक म्हणून चषकापेक्षा कागद, खडू व रंग द्यावेत. ते वापरले जातात आणि त्यांतून पुढील चित्र निघते.

आरंभी सांगितलेल्या प्रसंगात त्या मुलीस पहिला क्रमांक मिळालाच पाहिजे होता, असे या विवेचनाचे म्हणणे नाही. साठ मुलांत तिच्याहून चांगले चित्र असू शकेल. परंतु ‘प्रमाण चुकले’ या शेऱ्याऐवजी ‘ही मोठी बाई कोण?’ असा प्रश्न तिला विचारला गेला असता, तर बक्षीस न मिळताही ती दुसऱ्या वर्षी कागद घेऊन बसली असती. प्राथमिक शाळेतील चित्रस्पर्धेचे यश पहिल्या तिघांवरून मोजावयाचे नसते. उरलेल्या सत्तावन्न मुलांपैकी किती मुले पुढील वर्षी पुन्हा नाव देतात, यावरून ते मोजावे.

अभ्यासासाठी प्रश्न व उपक्रम

१. आपल्या वर्गातील दहा चित्रे घेऊन त्यांत भूमिरेषा, पारदर्शक चित्रण व उलगडलेली मांडणी कोठे आढळते ते शोधावे व मुलांच्या वयाशी ताडून पाहावे.

२. केंद्र-संमेलनात एकच दहा चित्रे तीन शिक्षकांनी स्वतंत्रपणे तपासावीत. गुणांत कोठे व का अंतर पडले याची चर्चा करावी.

३. वरील गुणविभागणीत आपल्या केंद्राच्या दृष्टीने कोणता बदल इष्ट आहे? कारणे द्यावीत.

४. ‘डोंगर, सूर्य व नदी’ या देखाव्याऐवजी मुलांस स्वतःच्या गावाकडे पाहावयास लावतील असे पाच विषय सुचवावेत.